हात हलला नव्हता : आबांचा यशिका आणि एका कागदाएवढं अंतर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, आकडे पुन्हा एकदा तपासलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आपण इथे किल्ल्यांवर बोललो, निजामावर बोललो. आज एका भिंगावर बोलणार आहे. कॅमेऱ्याच्या लेन्सवर. ही लेन्स आमच्या लातूरच्या घरातल्या लोखंडी कपाटात, आज्जीच्या साड्यांच्या मागे, तीसेक वर्षं पडून होती. तिच्यासोबत एक फोटो होता. सुरुवात फोटोपासून करू.

फोटो

१९९२ची दिवाळी. भाऊबीजेला माझे बाबा आणि आबा, म्हणजे आजोबा, आत्याकडे गेले होते. तिचं सासर किल्लारीजवळच्या एका गावात. आपल्याकडचं जुनं माळवदाचं घर, दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती. दिवेलागणीला ढाळजेत आत्या हातात निरांजनाचं ताट घेऊन उभी आहे आणि आबांनी फोटो काढलाय.

आत्याचा चेहरा धूसर आहे. ओळखू येते, पण डोळे नीट दिसत नाहीत. फोटोच्या मागे आबांच्या बॉलपेनच्या अक्षरात दोनच शब्द : 'हात हलला.'

पुढच्या दिवाळीआधीच, ३० सप्टेंबर १९९३ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. तीव्रता ६.२. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालं होतं, लोक दमून झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून साडेनऊ हजारांहून जास्त माणसं गेली. उन्हाळ्यात घर थंड ठेवणाऱ्या त्याच जाड भिंती आणि तेच मातीचं जड माळवद लोकांच्या अंगावर आलं. आत्या त्यात गेली. लग्नाचा अल्बम सासरी होता, तो घराबरोबर गेला. तिचा मोठेपणीचा फोटो आमच्याकडे हा एकच.

माझा जन्म त्यानंतरचा. पण घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय : "शेकड्यानं लग्नं काढली माणसानं, आन् स्वतःच्या लेकीच्या येळी हात हलला." आबा स्वतःच हे म्हणायचे. २०१४ला गेले, तोवर म्हणत होते.

मी सॉफ्टवेअरवाला. दोन वर्षांपूर्वी मी तो फोटो स्कॅन केला आणि जुने फोटो स्पष्ट करून देणाऱ्या एका ॲपवर टाकला. दहा सेकंदांत चेहरा लख्ख. डोळे, पापण्या, ओठ, सगळं. मी खुशीत आज्जीला मोबाईल दाखवला. तिनं चष्मा वर-खाली केला आणि विचारलं, "ही कोण पोरगी हाय?"

ॲपनं चेहरा शोधला नव्हता, बनवला होता. हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून एक सरासरी डोळे चिकटवले होते. मी ती फाइल डिलीट केली. आणि मग पहिल्यांदा कपाटातला कॅमेरा बाहेर काढला.

कॅमेरा

आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. फोटोग्राफी जोडधंदा. पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. तुमच्याही घरात कुणाकडे तरी असेलच. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीज बनवायची. १२० नंबरचा रोल, बारा चौकोनी फोटो, फोकस करायची भानगडच नाही. परदेशी कॅमेरा आयातीच्या निर्बंधांमुळे मिळणं मुश्कील होतं, त्यामुळे अर्ध्या भारतानं आपलं बालपण याच साध्या डब्यातून पाहिलंय.

मग १९७८च्या आसपास आखातातून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी यशिका इलेक्ट्रो ३५ घेतला. हा जपानी कॅमेरा १९६६ला बाजारात आला, आबांकडचा त्याचा जीएसएन प्रकार. याची लेन्स ४५ मिलिमीटर, एफ/१.७. एफचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं, म्हणजे जास्त प्रकाश आत. १.७ म्हणजे निरांजनाच्या उजेडातही फोटो निघू शकतो. छिद्र तुम्ही ठरवायचं, शटर किती वेळ उघडायचं ते कॅमेरा ठरवणार. उजेड फार कमी असेल तर पिवळा दिवा लागतो : हात सांभाळा. आत्याच्या फोटोच्या वेळी तो पिवळा दिवा नक्की लागला असणार. आबांनी स्वतःच्या हाताला दोष का दिला ते इथे कळतं.

आणि ही लेन्स कॅमेऱ्याला कायमची जोडलेली. काढता येत नाही. आपली आजची गोष्ट सगळी या 'कायमची जोडलेली' या शब्दांत आहे.

अंतराचा इतिहास

कॅमेरा म्हणजे काय? पुढे भिंग, मागे प्रकाश पकडणारं काहीतरी. काच, फिल्म किंवा सेन्सर. या दोघांमधलं अंतर बरोबर असेल तर चित्र स्पष्ट, नाहीतर धूसर. बस. पण हे अंतर कुणी सांभाळायचं, याचा इतिहास भारी आहे.

आपल्या भागापासून सुरू करू. नांदेड, लातूर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्या संस्थानाचा सर्वांत नावाजलेला फोटोग्राफर राजा दीनदयाळ. १८४४ला जन्म, १९०५ला निधन. सहाव्या निजामाचा दरबारी फोटोग्राफर. त्यांच्या काळचे मोठे कॅमेरे म्हणजे पुढे भिंग, मागे घासलेली काच, मध्ये भात्यासारखी घडी. डोक्यावर काळं कापड घ्यायचं, काचेवर उलटं पडलेलं चित्र बघायचं आणि भाता मागे-पुढे करून अंतर जमवायचं. दर फोटोला नव्यानं. म्हणजे अंतराची जबाबदारी माणसाच्या डोळ्यावर.

मग छोटे कॅमेरे आले. १९२५ला जर्मनीत लायका बाजारात आला, ३५ मिलिमीटर फिल्मवर चालणारा. त्याची लेन्स पक्की बसवलेली, अंतर कारखान्यातच जमवलेलं. १९३०ला त्यांनी लेन्स बदलता येणारा लायका काढला. पण गंमत बघा, सुरुवातीला प्रत्येक लेन्स त्या-त्या कॅमेऱ्याला जुळवून द्यावी लागायची. माझी लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर चालेलच असं नाही. १९३१ला त्यांनी हे अंतर प्रमाणित केलं : लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्मपर्यंत २८.८ मिलिमीटर. प्रमाणित कॅमेऱ्याच्या कड्यावर '०' कोरायला लागले. तो शून्य म्हणजे आता कुठलीही प्रमाणित लेन्स लावा.

आम्ही प्रोग्रॅमर लोक याला इंटरफेस म्हणतो. आकडा ठरला की आत कुणी काय बनवलंय याच्याशी देणंघेणं नाही.

पुढे प्रत्येक कंपनीनं आपापला आकडा ठरवला. निकॉन एफ ४६.५, कॅनन ईएफ ४४, जुन्या स्क्रू-माउंटचा ४५.४६. हे आकडे एवढे मोठे, कारण एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मध्ये आरसा असतो, त्याला हलायला जागा लागते. यशिकासारख्या कॅमेऱ्यात आरसा नाही, म्हणून त्याची लेन्स फिल्मच्या जवळ घुसून बसलेली. ती डीएसएलआरवर लावायला जाल तर आरशाला आपटेल.

मग २००८ला पॅनासॉनिकनं आरसा काढून टाकलेला जी१ आणला. २०१०ला सोनीनं ई-माउंट आणला, अंतर फक्त १८ मिलिमीटर. २०१३ला सोनी ए७ आला, त्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा. आणि जगभरच्या लोकांना कळलं की आजोबांच्या कॅमेऱ्यातली अडकलेली लेन्सही आता सोडवता येते. १८ मिलिमीटरपर्यंत पुढे जागाच जागा, तिथे आपल्याला हवी तेवढ्या जाडीची रिंग बसवा.

मी एक जुना सेकंडहँड ए७ घेतला. यशिकाचं शटर बिघडलेलंच होतं. या मॉडेलच्या आत रबरासारखी एक छोटी गादी असते, ती वर्षानुवर्षांनी भुगा होते आणि शटरची वेळ चुकते. ठरवलं, लेन्स काढायची. स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. बाबा दारात उभे. म्हणाले, "मोडायच्या आधी एकदा विचार कर. परत जोडता येईल का?"

मला राग आला होता खरंतर. पण त्या प्रश्नामुळेच पुढचं सगळं घडलं.

आधी मोजलं

चालू सिस्टिम बंद करण्याआधी तिच्या नोंदी काढून ठेवतात, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मी स्वतःला विचारलं, या कॅमेऱ्याची नोंद काय? निगेटिव्ह.

आबांनी बटर पेपरच्या पाकिटांत, वर तारीख टाकून, साठेक रोल ठेवले होते. आत्याच्या फोटोची निगेटिव्हही त्यात होती. ती मोठी करून बघितली आणि थबकलो. आत्याच्या मागची भिंत स्पष्ट आहे. दगडांच्या फटी, देवळीतली पणती, चुन्याचा ओघळ, सगळं स्पष्ट.

हात हलला असता तर भिंतही हलली असती. हात काही फक्त माणसापुरता हलत नाही. एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कुणाच्याच लक्षात आली नव्हती, कारण त्या फोटोत भिंत कोण बघणार?

म्हणजे फोकस मागे गेला होता. मग प्रश्न : आबा चुकले की कॅमेरा?

यशिकात फोकस करताना खिडकीच्या मध्यावर पिवळा ठिपका असतो, त्यात माणूस दोनदा दिसतो. रिंग फिरवून दोन्ही प्रतिमा एकावर एक आणायच्या. याला रेंजफाइंडर म्हणतात. भिंगातून नाही, शेजारच्या वेगळ्या खिडकीतून बघायचं. लेन्स आणि ही खिडकी यांचा ताळमेळ बिघडला तर खिडकी म्हणेल 'जमलं' आणि लेन्स भलतीकडेच बघत असेल. आबांना ते कळायला काही मार्गच नाही.

मी मोठ्या छिद्रावर काढलेले, म्हणजे कमी उजेडातले, फ्लॅश नसलेले फोटो वेगळे काढले. आमच्याकडे कोडमध्ये चूक कधी घुसली हे शोधायला मधला दिवस तपासतात. तो बरोबर असेल तर चूक नंतरची, चुकीचा असेल तर आधीची, असं अर्धं-अर्धं करत जातात. तेच केलं. १९८५चा रोल बरोबर. १९९२चा मागे. १९८९ बरोबर. फेब्रुवारी १९९१ बरोबर. जून १९९१ मागे.

बाबांना विचारलं, १९९१च्या उन्हाळ्यात काय झालं होतं? ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "अंबाजोगाईच्या लग्नात मांडवात खुर्चीवरून पडला होता कॅमेरा. पण फोटो तर चांगले आले होते की रे."

आलेच असणार. लग्नात फ्लॅश असायचा, छिद्र एफ/८. छिद्र लहान असलं की पुढचं-मागचं बरंच काही स्पष्ट येतं, चूक झाकली जाते. ४५ मिलिमीटरच्या लेन्सला तीन मीटरवर एफ/१.७ ठेवलं तर साधारण २.८ ते सव्वातीन मीटर एवढाच पट्टा स्पष्ट असतो. म्हणजे चूक दिसायला निरांजनाचा उजेड लागत होता.

शेवटची खात्री बाकी होती. कॅमेऱ्याची मागची झडप उघडली, फिल्मच्या जागी बटर पेपर ताणून बसवला, केबल रिलीजनं शटर उघडं धरलं, छिद्र पूर्ण मोठं. दीनदयाळांच्या काळची घासलेली काच, आपल्या बजेटमध्ये! टेपनं मोजून तीन मीटरवर कॅलेंडर टांगलं, चार मीटरवर दुसरं. पिवळ्या ठिपक्यात तीन मीटरवालं जुळवलं. बटर पेपरवर चार मीटरवालं स्पष्ट उमटलं.

आत्या आणि भिंत यांच्यामध्ये साधारण तेवढंच अंतर होतं.

बाबांनी स्वतः येऊन बघितलं. काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "आता उघड."

लेथ आणि कागद

माझं बीटेक नांदेडला, विष्णुपुरीच्या एसजीजीएस कॉलेजात. तिथल्या एका वर्गमित्राच्या ओळखीनं नांदेडमध्येच एक लेथवाले काका मिळाले. ट्रॅक्टरचे बुश बनवणारे. त्यांना ॲल्युमिनियमची रिंग हवी म्हणून सांगितलं : एका बाजूला लेन्सची बैठक, दुसऱ्या बाजूला ४२ मिलिमीटरचे आटे. ते आटे फिरत्या नळीत बसतात, नळी सोनीवर. नळी फिरवली की लेन्स मागे-पुढे, म्हणजे फोकस.

काका म्हणाले, "किती बरोबर पाहिजे?" मी म्हणालो, अर्धा दशांश मिलिमीटर. ते हसले. "कॅमेरा हाय का इमानाचं इंजिन?"

हिशोब सांगतो. भिंग सेन्सरपासून गरजेपेक्षा जितकं जास्त दूर, त्यानं फोकल लांबीच्या वर्गाला भागायचं. ४५ गुणिले ४५, २०२५. चूक ०.१ मिलिमीटर, म्हणजे एका साध्या ए-फोर कागदाची जाडी. २०२५ भागिले ०.१, उत्तर वीस मीटर. म्हणजे लेन्स एका कागदाएवढी पुढे राहिली तर तिचं 'अनंत' वीस मीटरवर संपतं. डोंगर, चंद्र, सगळं धूसर. आणि याच हिशोबानं आत्याच्या फोटोतली चूक काढली : तीन मीटरऐवजी चार मीटर, लेन्सच्या जागेत फरक ०.१७ मिलिमीटर. दोन कागदांपेक्षाही कमी. आबा बावीस वर्षं ज्याचा दोष स्वतःला देत राहिले, तो एवढा होता.

तसं लेथवर अशी कामं आपल्याकडे नवी नाहीत. कोल्हापुरात बाबुराव पेंटर आणि दामले यांनी १९१८च्या सुमाराला सिनेमाचा कॅमेराच घडवला, त्यातून 'सैरंध्री' निघाला, १९२०ला. त्यांच्यापुढे माझी रिंग म्हणजे किरकोळ काम.

काकांनी मुद्दाम रिंग थोडी कमी जाडीची केली. "कमी असली तर भर घालता येती, जास्त असली तर परत लेथवर यावं लागतंय." भर कशाची? आबांच्या रोलच्या सुरुवातीचा कोरा काळा तुकडा. ३५ मिलिमीटर फिल्मची जाडी साधारण ०.१४ मिलिमीटर. तिच्या गोल चकत्या कापल्या, लेन्स आणि रिंगच्या मध्ये ठेवल्या. लेन्सच्या आतलं शटर कायमचं उघडं अडकवून टाकलं, छिद्राची पाती मात्र चालू ठेवली.

कॅलिब्रेशन विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर. रात्री एक किलोमीटरवरून बंधाऱ्यावरचे दिवे. एक किलोमीटर आणि चंद्र यांच्यात या लेन्सला फरक पडतो दोन हजारांश मिलिमीटरचा, म्हणजे नाहीच. दोन चकत्या : दिवे फुगलेले. नळी पूर्ण मागे नेली तरी अनंत गाठत नव्हती. एक चकती : नळी शेवटाला टेकायच्या जरा आधी दिवे टिंबं झाले. पुढे चंद्रावर तपासलं, तेच. तिथे नळीवर पांढऱ्या रंगाची रेघ मारली. मग टेप लावून एक, दोन, तीन, पाच मीटरच्या रेघा.

कोपरे मात्र थोडे पसरट येतात. सेन्सरवर काचेचा थर असतो, फिल्मवर नव्हता. जवळ बसलेल्या लेन्सचे तिरपे किरण त्यात वाकतात. त्याला इलाज नाही, मी केलाही नाही.

किल्लारी

गेल्या दिवाळीत बाबा आणि मी तिकडे गेलो. भूकंपानंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली, आत्याच्या गावाचंही तसंच झालं. जुन्या गावठाणात आता दगडांचे ढीग आणि वेड्या बाभळी. बाबांनी अंदाजानं जागा दाखवली. भिंत वगैरे काही राहिलेली नाही. मी काही फोटो काढले, खास नाहीत.

परत आलो तर दिवेलागण झाली होती. आज्जी दारात पणती लावत होती. तीन मीटरची रेघ, एफ/१.७, फ्लॅश नाही. मी तिला मोबाईलवर फोटो दाखवला. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला, स्वतःचे डोळे बघितले. म्हणाली, "लई म्हातारी झाले की मी."

मग तिनं जुना फोटो मागितला. बाबांनी तिला सगळं समजावलं : लग्नात पडलेला कॅमेरा, बटर पेपर, दोन कागद. तिनं किती समजून घेतलं माहीत नाही. फोटो उलटा केला, आबांचे दोन शब्द वाचले आणि म्हणाली, "मग लिहा की खाली."

बाबांनी लिहिलं. आबांच्या 'हात हलला' खाली, वेगळ्या पेननं : 'हलला नव्हता.'

आत्याचा चेहरा अजून धूसरच आहे. तो तसाच राहणार.

तर मंडळी, तुमच्या घरी कपाटात असा एखादा कॅमेरा असेल तर लेन्स जरूर काढा, मजा येते. पण स्क्रूड्रायव्हर लावण्याआधी निगेटिव्ह शोधा, बटर पेपर लावून बघा, काय दिसतं ते लिहून ठेवा. प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडीवर नाव. आमच्या यशिकाचं अंग तसंच्या तसं कपाटात आहे. रेंजफाइंडरला मी हात लावलेला नाही. तो अजूनही तीनला चार म्हणतो, आणि आमच्यासाठी तेवढा पुरावा पुरे आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.